विश्लेषण : स्नायू ताणणे हाही व्यायामच! स्वामी कुवलयानंदांनी आसने प्रयोगशाळेत का नेली?

जिममध्ये तासभर घाम गाळणारे अनेक जण शेवटची दहा मिनिटे हमखास टाळतात. ही दहा मिनिटे असतात स्ट्रेचिंगची. वजन उचलले की दंड दिसतात, धावले की किलोमीटर मोजता येतात, पण स्नायू ताणून काय मिळाले हे आरशातही दिसत नाही आणि घड्याळातही. शंभर वर्षांपूर्वी हीच अडचण होती. जोर, बैठका, कुस्ती म्हणजे व्यायाम, आणि आसने म्हणजे साधू-बैराग्यांचे काम, अशी सरळ वाटणी तेव्हा झालेली होती. तालमीत घडलेल्या एका संस्कृतच्या विद्यार्थ्याने ही वाटणी मोडण्यासाठी आसने क्ष-किरण यंत्रापुढे आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्रापुढे नेली. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

सुरुवात तालमीतून…

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोदा कॉलेजचा दरवाजा उघडला. अरविंद घोष त्या काळात याच कॉलेजात शिकवत होते. एकीकडे अरविंदांचा प्रभाव आणि दुसरीकडे लोकमान्य टिळकांच्या राजकारणाची ओढ, अशा वातावरणात या तरुणाने देशकार्याला वाहून घ्यायचे आणि आजन्म अविवाहित राहायचे ठरवले.

याच बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळा होती आणि तेथे होते राजरत्न प्रा. माणिकराव. देशी व्यायाम, शस्त्रविद्या आणि सामुदायिक कवायत यांत त्यांचे नाव मोठे होते. हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी त्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. शरीराकडे पाहण्याची त्यांची पहिली नजर घडली ती आखाड्यात. पुढे त्यांनी आसनांची बाजू मांडली ती व्यायामाला कमी लेखून नव्हे. घाम, दम आणि ताकद यांची किंमत त्यांना ठाऊक होती. या व्यायामात काय राहून जाते, हेही त्यामुळेच त्यांच्या लक्षात आले असावे.

तेव्हा व्यायामाचे वारे कसे होते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात शरीरसौष्ठवाचे मोठे आकर्षण होते. १९०४-०५ मध्ये जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजीन सँडो यांनी हिंदुस्थानचा दौरा केला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हेही आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत आणि नंतर सूर्यनमस्कारांकडे वळले. शाळांत इंग्रजी आज्ञांवर चालणारी ड्रिल होती. पारतंत्र्यातील समाजाला बलदंड तरुण हवे होते आणि बळ म्हणजे पिळदार स्नायू हे समीकरण पक्के होते.

अशा वेळी जमिनीवर पाय पसरून बसायचे, पुढे वाकायचे आणि तसेच स्थिर राहायचे, याला व्यायाम म्हणायला कोण तयार होणार? आखाड्यातील मंडळींना त्यात दम दिसत नव्हता. योग जाणणाऱ्यांपैकी अनेकांना तो चारचौघांत आणायचाच नव्हता. ती गुरूकडून शिष्याकडे जाणारी गुप्त विद्या होती. गुणे यांना पुढची चाळीसहून अधिक वर्षे या दोन्ही बाजूंना समजावत राहावे लागले.

माधवदासजींकडे काय मिळाले?

शिक्षण संपल्यावर गुणे अमळनेरला आले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांनी भाग घेतला, विद्यार्थ्यांना शिकवले, राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रयत्नांत जबाबदारीची पदे सांभाळली. याच काळात, १९१९ मध्ये, त्यांची भेट परमहंस माधवदासजी यांच्याशी झाली. नर्मदाकाठी, बडोद्याजवळच्या मालसर येथे या वयोवृद्ध योग्याचे वास्तव्य होते. मुंबईत १९१८ मध्ये ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू करणारे श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य.

माणिकरावांच्या तालमीत गुणे यांनी शरीर जोराने वापरायला शिकले होते. माधवदासजींकडे त्यांना त्याच्या उलट गोष्ट शिकायची होती. आसनात शिरायचे ते सावकाश, थांबायचे ते श्रम न करता, आणि बाहेर यायचे तेही झटका न देता. स्नायू आखडून ताकद लावण्याऐवजी तो सैल सोडून लांब होऊ द्यायचा. पोटाच्या उड्डियान आणि नौली या क्रियांचे परिणाम तर त्यांना अद्भुत वाटले. येथे ते इतर अनेक शिष्यांपेक्षा वेगळे ठरले. आपल्याला जाणवते ते शरीरात खरोखर घडते का, हे तपासून पाहायचे त्यांनी ठरवले.

रुग्णालयातील प्रयोग कसे होते?

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या मदतीने गुणे यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांवर प्रयोग केले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पोटाच्या आतली स्थिती पाहिली गेली. ते स्वतः डॉक्टर नव्हते, शरीरशास्त्राचे पदवीधरही नव्हते. पण प्रश्न कसा विचारायचा हे त्यांना कळत होते.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध नौलीविषयीचा आहे. बस्ती या क्रियेत योगी पिचकारीशिवाय आतड्यात पाणी ओढून घेतात. हे कसे घडते याच्या अनेक गूढ कथा सांगितल्या जात. कुवलयानंदांनी दाबमापकाने मोजून दाखवले, की नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आपोआप आत ओढले जाते. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. चमत्काराचे स्पष्टीकरण भौतिकशास्त्रात सापडले आणि त्यामुळे क्रियेची किंमत कमी झाली असे त्यांना मुळीच वाटले नाही.

लोणावळ्यात काय सुरू झाले?

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले. एकाच अंकात प्रयोगांच्या नोंदी आणि आसने करण्याची सचित्र माहिती असे त्याचे स्वरूप होते. सर्वांगासनासारख्या आसनांत रक्तदाबाचे काय होते, श्वास रोखला की काय बदलते, असे प्रश्न तेथे आकड्यांनिशी मांडले जाऊ लागले.

प्राणायामाविषयीचा त्यांचा निष्कर्ष विशेष सांगण्यासारखा आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे मोजमाप केले. प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाने योगाच्या नावावरचा एक लोकप्रिय दावा स्वतःच खोडून काढला होता. त्यांच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास बसतो तो अशा प्रामाणिकपणामुळे.

‘आसने’ या पुस्तकाचे म्हणणे काय होते?

१९३१ मध्ये त्यांची आसने आणि प्राणायाम या विषयांवरची पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांनी आसनांचे तीन गट केले : शरीर घडवणारी, विश्रांती देणारी आणि ध्यानाला बसण्यासाठीची. यांपैकी पहिला गट आजच्या स्ट्रेचिंगच्या सर्वांत जवळचा.

या गटाच्या केंद्रस्थानी त्यांनी ठेवला तो पाठीचा कणा. कणा पुढे वाकतो, मागे वाकतो, दोन्ही बाजूंना झुकतो आणि दोन्ही बाजूंना पिळतो. रोजच्या जगण्यात यांतल्या फार थोड्या हालचाली पूर्ण होतात. लिहिणारा, शिवणारा, गल्ल्यावर बसणारा माणूस दिवसभर थोडासा पुढे वाकलेला असतो, पण पूर्ण वाकत नाही आणि मागे तर झुकतच नाही. पश्चिमोत्तानासनात पाठीची आणि पायांच्या मागची बाजू लांब होते. भुजंगासनात छाती व पोटाची बाजू उघडते. अर्धमत्स्येंद्रासनात कण्याला पीळ मिळतो. एका आसनाने एक बाजू ताणली, की पुढच्याने तिची विरुद्ध बाजू, असा हा हिशेब असतो.

ज्यांना पूर्ण आसन जमत नाही त्यांच्यासाठी अर्धशलभासन, अर्धहलासन असे सोपे टप्पे त्यांनी आग्रहाने पुढे ठेवले. पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर छोटा अभ्यासक्रमही दिला. जोर-बैठका आणि आसने दोन्ही करण्यास त्यांची हरकत नव्हती, फक्त ती लागोपाठ उरकू नयेत, मध्ये काही वेळ जाऊ द्यावा, असे त्यांचे सांगणे होते.

हळू का, आणि थांबायचे कशासाठी?

कैवल्यधाम स्थापन झाले त्याच १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये लिडेल आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी स्नायूंच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेविषयी महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्नायू अचानक ताणला गेला, तर तो ताण ओळखणारी आतली यंत्रणा मज्जारज्जूकडे संदेश धाडते आणि तो स्नायू आपसूक आखडतो. स्नायूला इजा होऊ नये म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

लोणावळा आणि इंग्लंड यांचा त्या वेळी एकमेकांशी संबंध नव्हता. पण आसनांतील संथपणाचे एक स्पष्टीकरण येथे सापडते. झटके देत पायाचा अंगठा पकडू पाहणारा माणूस जो स्नायू लांब करायचा आहे त्यालाच आखडायला भाग पाडत असतो. हळूहळू ताण दिला आणि तेथे थांबले, तर ही प्रतिक्रिया सौम्य राहते. नियमित सरावाने सांध्याची हालचाल वाढते. त्यामागे ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची वाढलेली क्षमता हे एक मोठे कारण असल्याचे आजचे अभ्यास सांगतात.

शाळेच्या मैदानावर योग कसा पोहोचला?

योग गुहेतून बाहेर काढायचा तर तो शाळेत न्यायला हवा, हे कुवलयानंदांनी लवकर ओळखले. १९३६ मध्ये त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक आले. एका आज्ञेवर शंभर मुलांनी एकाच वेळी हात वर ताणायचे, वाकायचे, पिळायचे अशी ही रचना होती. माणिकरावांच्या मैदानावरची सामुदायिक शिस्त आणि माधवदासजींकडची संथ हालचाल या दोन्हींचा येथे मेळ दिसतो. संयुक्त प्रांतातील शाळांत यौगिक व्यायामाचे प्रयोग झाले. मुंबई प्रांत सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीच्या कामातही त्यांचा सहभाग होता.

मोठ्या माणसांची रीघही लागली होती. १९२७ मध्ये प्रकृती बिघडलेल्या महात्मा गांधींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी मार्गदर्शन घेतले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन यांनी त्यांच्याकडे योगाचा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मुंबईत १९३२ मध्ये सुरू झालेले कैवल्यधामचे केंद्र १९३६ मध्ये मरीन ड्राइव्हला आले. नोकरदार आणि व्यापारी तेथे रोगनिवारणासाठी येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय आणि रुग्णालयही उभे राहिले. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगचिकित्सेवरचे पुस्तक आले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले.

त्यांचे कोणते म्हणणे आजही टिकते?

त्यांच्या काळची उपकरणे साधी होती, प्रयोगात सहभागी होणारेही मोजकेच असत. त्यामुळे ‘योगमीमांसा’तील प्रत्येक निष्कर्ष आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. मात्र व्यायामात ताकद आणि दम यांच्याबरोबर लवचीकतेला स्वतंत्र जागा हवी, हा त्यांचा मूळ मुद्दा आता सर्वमान्य आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून किमान दोन ते तीन दिवस लवचीकतेचे व्यायाम सुचवले आहेत. प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद धरावा आणि पुनरावृत्ती करून एका व्यायामाचे एकूण ६० सेकंद भरावेत, असे त्यात म्हटले आहे. ज्येष्ठांसाठी ३० ते ६० सेकंद थांबणे अधिक उपयुक्त मानले जाते.

काही समज मात्र अभ्यासांनी खोटे ठरवले आहेत. स्ट्रेचिंग केले की दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, हा त्यांतला सर्वांत पसरलेला समज. अंगदुखीत पडणारा फरक नगण्य असल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. दुसरा समज, की धावण्याआधी किंवा वजन उचलण्याआधी भरपूर ताणून घ्यावे. एकच स्नायू मिनिटाहून अधिक काळ स्थिर ताणून ठेवला, तर त्यानंतर लगेच त्याची ताकद आणि वेग काहीसा घटतो. म्हणूनच आता व्यायामाआधी हालचाली करत अंग मोकळे करण्याचा आणि स्थिर ताण शेवटी किंवा वेगळ्या वेळी देण्याचा सल्ला दिला जातो. दोन प्रकारच्या व्यायामांत अंतर ठेवा, हे कुवलयानंदांचे सांगणे येथे आठवते.

घरी करताना काय लक्षात ठेवावे?

• थंड अंगाने सुरुवात करू नये. पाच मिनिटे चालून किंवा हातपाय हलवून अंग गरम करावे.

• ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. टोचल्यासारखी वेदना, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर तेथेच थांबावे.

• झटके देऊ नयेत. आसनात जाताना जितका वेळ लागतो, तितकाच बाहेर येताना द्यावा.

• श्वास रोखू नये. श्वास अडकत असेल तर ताण जास्त झाला असे समजावे.

• पुढे वाकले तर मागेही वाकावे, डावीकडे पिळले तर उजवीकडेही.

• दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी मांडीची मागची बाजू, जांघेचा पुढचा भाग, छाती आणि पोटऱ्या यांकडे आधी लक्ष द्यावे.

• उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन अशी आसने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. गर्भवतींनीही आधी विचारून घ्यावे.

मग अजूनही दहा मिनिटे का टाळली जातात?

आज समाजमाध्यमांवर योगाची छायाचित्रे भरपूर दिसतात. समुद्रकिनारी पूर्ण वाकलेली, पाय डोक्यापर्यंत नेलेली शरीरे पाहून अनेकांना वाटते, की हे आपल्याला जमणार नाही. काही जण तेच एका दिवसात करायला जातात आणि कंबर धरून बसतात. या दोघांसाठीही कुवलयानंदांचे काम उपयोगाचे आहे. अर्धे आसन हे त्यांच्या दृष्टीने पूर्ण आसनाइतकेच खरे होते. शेजारच्या चटईवरचा माणूस किती वाकतो याला त्यांच्या पद्धतीत स्थान नव्हते.

स्नायू ताणल्याने वजन झरझर उतरत नाही, दंड फुगत नाहीत आणि सगळे आजारही बरे होत नाहीत. खाली पडलेली किल्ली सहज उचलता येणे, रिक्षात बसून मागे वळून पाहता येणे, सत्तरीतही जमिनीवर मांडी घालून जेवता येणे आणि आधाराशिवाय उठता येणे, इतकेच त्यातून टिकते. हे असते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही, गेल्यावर मात्र रोज जाणवते. तालमीच्या मातीत वाढलेल्या जगन्नाथ गुणे यांनी उभे आयुष्य याच न दिसणाऱ्या गोष्टीचे मोजमाप करण्यात घालवले.